प्रॅक्टिकलच्या पहिल्या पानावर कंपायलरची आवृत्ती हवी

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
संगणक अभियांत्रिकी अभ्यासमंडळ,
मुंबई विद्यापीठ



पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यापासून वेगळा झाला, पण इथले अभियांत्रिकीचे शिक्षण आजही आपल्याच विद्यापीठाशी जोडलेले आहे. पालघरच्या सेंट जॉन आणि बोईसरच्या थीम या महाविद्यालयांच्या परिसरात डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हार, मोखाडा हे तालुके येतात. तिथल्या अनेक घरांत कॉलेजची पायरी चढणारी ही पहिलीच पिढी आहे. या मुलांना आणि त्यांच्या अध्यापकांना छळणारी एक अडचण दूर करणे आपल्या मंडळाच्या हातात आहे, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. लिनक्सची आवृत्ती बदलली, विशेषतः कोणी उत्साहाने अनस्टेबल आवृत्ती टाकली, की कालपर्यंत चालणारे प्रोग्राम कंपाइल होईनासे होतात. मग कोणी मुलाला दोष देतो, कोणी लिनक्सला. माझे म्हणणे असे आहे की कंपायलरची आवृत्ती हा प्रोग्रामचाच भाग आहे आणि अभ्यासक्रमाने ती तशी लिहून द्यायला हवी. सत्र चालू असताना परीक्षेच्या मशीनवर ती बदलू नये. आणि याच कारणासाठी प्रत्येक लॅबमध्ये एक मशीन मुद्दाम अनस्टेबल आवृत्तीवर चालवावे, म्हणजे पुढे येणारी अडचण हाताशी वेळ असतानाच समजेल.

अडचण नेमकी कुठे आहे ते आधी पाहू. जून 2023 मध्ये आलेल्या डेबियन 12 या लिनक्समध्ये जीसीसी या कंपायलरची 12 ही आवृत्ती आहे. ऑगस्ट 2025 मध्ये आलेल्या डेबियन 13 मध्ये जीसीसी 14 आहे. उबंटू 24.04 मध्ये 13 आणि 25.10 मध्ये 15. फरक नुसत्या आकड्यांचा नाही. मे 2024 मध्ये आलेल्या जीसीसी 14 ने सी भाषेतल्या काही चुकांना, ज्यांवर तोपर्यंत फक्त वॉर्निंग मिळत होती, थेट एरर ठरवले. आधी जाहीर न केलेले फंक्शन वापरणे, फंक्शनचा प्रकार न लिहिणे, पॉइंटरच्या जागी पूर्णांक देणे, एका प्रकारच्या पॉइंटरमध्ये दुसऱ्या प्रकारचा पॉइंटर ठेवणे, या त्या चुका. आता तिसऱ्या वर्षाच्या 'सिस्टीम प्रोग्रॅमिंग अँड कंपायलर कन्स्ट्रक्शन' या विषयाची लॅब घ्या. तिथे मुले लेक्स आणि याक वापरून छोटा पार्सर लिहितात. याकचे काम करणाऱ्या बायसनने तयार केलेल्या फाइलीतून वायवायलेक्स आणि वायवायएरर ही दोन फंक्शने बोलावली जातात, आणि ती वरच्या भागात आधी जाहीर करायची असतात. एका बॅचकडून दुसरीकडे चालत आलेल्या जर्नलांत ती ओळ बहुधा नसते. वायवायरॅप आणि मेन यांच्या आधी 'इंट' लिहिलेले नसते. जीसीसी 12 वर चार-पाच वॉर्निंग येतात आणि पार्सर चालतो. जीसीसी 14 वर तोच मजकूर, एक अक्षरही न बदलता, कंपाइल होत नाही. कंपायलर कसा बनतो हे शिकवणारे प्रॅक्टिकलच कंपायलर बदलल्यामुळे अडून बसते. एप्रिल 2025 मध्ये आलेल्या जीसीसी 15 ने सी भाषेचे 2023 चे मानक गृहीत धरायला सुरुवात केली आहे. त्यामुळे 'बूल', 'ट्रू' आणि 'फॉल्स' ही नावे स्वतः ठरवून वापरणारे जुने प्रोग्राम अडतात, आणि रिकामा कंस म्हणजे 'कितीही आर्ग्युमेंट' हा जुना अर्थही गेला.

हे सगळे पुस्तकी वाटू नये म्हणून तारापूर औद्योगिक वसाहतीच्या कामातली एक जागा जवळून पाहू. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने फेब्रुवारी 2014 मध्ये सर्वाधिक प्रदूषण करणाऱ्या 17 प्रकारच्या उद्योगांना आणि सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रांना सतत आपोआप मोजमाप करणारी यंत्रे बसवण्याचे निर्देश दिले. रंग, औषधे, कीटकनाशके हे सगळे त्या 17 प्रकारांत येते, आणि बोईसरच्या पश्चिमेला पसरलेली ही वसाहत अशाच कारखान्यांची आहे. समजा मीटरकडून येणाऱ्या एका ओळीत स्वल्पविरामांनी तोडून वेळ, पीएच, सीओडी आणि प्रवाह असे आकडे आहेत. ही ओळ फोडायला सी शिकलेला मुलगा 'स्ट्रटॉक' हे फंक्शन वापरेल. समजा त्याने त्याची हेडर फाइल जोडली नाही. जुना कंपायलर गृहीत धरतो की हे फंक्शन पूर्णांक परत देते. प्रत्यक्षात ते मेमरीतला पत्ता देते. 32 बिटच्या मशीनवर दोन्ही चार बाइटचे, म्हणून काही बिघडत नाही. 64 बिटच्या मशीनवर पत्ता आठ बाइटचा होतो आणि त्यातले वरचे चार बाइट गळून पडतात. तरीसुद्धा ओळ साठवणारा बफर ग्लोबल असेल तर प्रोग्राम चालत राहायचा, कारण जुन्या पद्धतीने बांधलेल्या प्रोग्राममध्ये अशा बफरचा पत्ता इतका लहान असायचा की तो चार बाइटांत मावायचा. पुढे सुरक्षिततेसाठी प्रोग्राम मेमरीत कुठेही बसवता येईल असा बांधण्याची रीत आली. जून 2017 च्या डेबियन 9 पासून तीच नेहमीची झाली. नव्या पद्धतीने पुन्हा बांधल्यावर बफरचा पत्ता मोठा झाला आणि तोच प्रोग्राम सेगमेंटेशन फॉल्ट देऊन कोसळू लागला. जीसीसी 14 आता तो बांधायलाच नकार देतो.

या चार टप्प्यांत प्रोग्रामची एक ओळही बदललेली नाही. चूक पहिल्या दिवसापासून तिथे होती आणि प्रत्येक आवृत्तीने तिला वेगळी वागणूक दिली. फंक्शन जाहीर न करता वापरण्याची मुभा सी भाषेच्या 1999 च्या मानकानेच काढून घेतली होती. जीसीसीने ती सक्तीने लागू करायला 25 वर्षे घेतली. म्हणून 'नव्या लिनक्सने माझा प्रोग्राम बिघडवला' ही तक्रार बहुतेक वेळा खरी नसते. कारखान्यात रात्रपाळीला आकडे नोंदवणारा प्रोग्राम बंद पडण्यापेक्षा लॅबमध्ये दुपारी दोन वाजता कंपायलरने हटून बसणे कितीतरी बरे. त्या मुलाच्या दृष्टीने ही कंपायलरची मेहेरबानीच आहे. ती त्याला तशी समजावून सांगणारे कोणी हवे, एवढेच.

पण दोष नेहमी जुन्या प्रोग्रामचाच असतो असे म्हणणेही खोटे ठरेल. सप्टेंबर 2000 मध्ये आलेल्या रेड हॅट लिनक्स 7.0 मध्ये जीसीसीचा 2.96 हा आकडा लावलेला कंपायलर होता. तशी अधिकृत आवृत्ती जीसीसीने कधी काढलीच नव्हती. विकासाच्या मधल्याच अवस्थेतला मजकूर उचलून तो तयार केला होता. त्याने बांधलेले सी प्लस प्लसचे प्रोग्राम आधीच्या आवृत्तीशी जुळत नव्हते आणि नंतरच्या आवृत्तीशीही नाही. कर्नेल बांधायला तर वेगळा जुना कंपायलर सोबत द्यावा लागला. जीसीसीच्या सुकाणू समितीला जाहीर खुलासा करावा लागला की ही आमची आवृत्ती नव्हे. 2015 मध्ये जीसीसी 5 ने सी प्लस प्लसमधल्या 'स्ट्रिंग'ची मेमरीतली मांडणी बदलली. कारण योग्य होते, 2011 च्या मानकाची ती गरज होती. तरीही जुन्या मांडणीने बांधलेली लायब्ररी नव्या प्रोग्रामला जोडताना लिंकर अडू लागला, आणि डेबियनला शेकडो लायब्रऱ्यांची पॅकेजे नव्या नावाने पुन्हा बांधावी लागली. एनव्हीडियाच्या कुडाचा कंपायलर आजही ठरावीक मर्यादेपुढचे जीसीसी दिसले की ते चालणार नाही असे सांगून थांबतो. मशीन लर्निंगचा प्रकल्प घेऊन बसलेल्या अंतिम वर्षाच्या मुलाने आदल्या आठवड्यात सिस्टीम अपग्रेड केली असेल, तर त्याच्या प्रोग्राममध्ये एकही चूक नसताना तो अडकतो.

अनुभवी माणसेही यातून सुटत नाहीत. एप्रिल 2025 मध्ये फेडोरा 42 ही आवृत्ती जीसीसी 15 घेऊन बाहेर पडली, तेव्हा जीसीसी 15 ची अधिकृत घोषणाही झालेली नव्हती. लिनस टोरवाल्ड्स यांनी आपले मशीन त्यावर नेले, नव्या वॉर्निंगा दिसल्या, आणि कर्नेल 6.15 च्या तिसऱ्या चाचणी आवृत्तीच्या तोंडावर त्यांनी घाईने दुरुस्त्या थेट मुख्य शाखेत टाकल्या. त्यामुळे जुना कंपायलर वापरणाऱ्यांच्या बांधणीत अडचणी आल्या. त्याच प्रश्नावर आधीपासून पद्धतशीर काम करत असलेल्या कर्नेल विकासक कीस कुक यांनी उघड नाराजी व्यक्त केली. लिनक्सच्या जन्मदात्यालाही चालू कामाच्या मधोमध कंपायलर बदलणे महागात पडू शकते, तर सबमिशनच्या आठवड्यात बोईसरच्या लॅबमध्ये काय होईल याचा विचार आपण करावा.

मग अनस्टेबल आवृत्तीला हातच लावू नये का? इथे माझे मत वेगळे आहे. डेबियनच्या अनस्टेबल शाखेला 'सिड' म्हणतात. 'टॉय स्टोरी' चित्रपटात खेळणी मोडणारा जो मुलगा आहे, त्याचे हे नाव. डेबियनची सुरक्षा तुकडी तिची जबाबदारी घेत नाही. तिथे पॅकेज आधी येते, काही दिवस गंभीर दोष सापडला नाही की टेस्टिंगमध्ये सरकते, आणि साधारण दर दोन वर्षांनी निघणाऱ्या स्थिर आवृत्तीत पोचते. मुख्य कंपायलर बदलण्याआधी डेबियनचे लोक संपूर्ण संग्रह नव्या कंपायलरने बांधून पाहतात आणि जे पॅकेज अडेल त्याच्या नावावर दोष नोंदवतात. फेडोराने तर जीसीसी 14 यायच्या बरेच आधीपासून जुना सी मजकूर शोधून सुधारण्याचे काम हाती घेतले होते. जिथे मोडतोड झाली तरी कोणाचे नुकसान होत नाही अशी जागा त्यांनी मुद्दाम राखून ठेवली आहे. आपल्या लॅबमध्ये नेमकी तीच जागा नसते. सगळीच मशीन एकतर वर्षानुवर्षे जुन्या आवृत्तीवर थांबलेली असतात, नाहीतर कोणीतरी सुट्टीत एकदम सगळी अपग्रेड केलेली असतात. दोन्हीत शिकायला काही मिळत नाही.

यावर काही आक्षेप येतील आणि ते विचारात घेण्यासारखे आहेत. पहिला असा की अपग्रेड करूच नये, जुने चालते तेच चालू द्यावे. तेही फार दिवस जमत नाही. जुन्या आवृत्तीचे सुरक्षा अपडेट एक दिवस बंद होतात, आणि नव्या लॅपटॉपचे वायफाय जुन्या कर्नेलला अनेकदा ओळखताच येत नाही. शिवाय लॅब थांबली म्हणून विद्यार्थ्याचे घरचे मशीन थांबत नाही. त्यातून आणखी एक घोटाळा होतो. 2021 च्या ऑगस्टमध्ये आलेल्या जीलिबसी या सी लायब्ररीच्या 2.34 आवृत्तीत अंतर्गत रचना अशी बदलली की त्यानंतरच्या आवृत्तीवर नेहमीच्या रीतीने बांधलेला जवळपास कोणताही प्रोग्राम त्याआधीच्या मशीनवर सुरूच होत नाही. उबंटू 20.04 मध्ये 2.31 आहे आणि 22.04 मध्ये 2.35. घरी 22.04 वर बांधलेली फाइल पेनड्राइव्हवर आणून कॉलेजच्या 20.04 वर चालवली, की लायब्ररीची आवृत्ती सापडत नाही असा संदेश येतो. उलट दिशेने, जुन्यावर बांधलेली फाइल नव्यावर सहसा चालते. हा साधा नियम तिसऱ्या वर्षापर्यंत प्रत्येक मुलाला माहीत असायला हवा. तो कुठल्या युनिटमध्ये शिकवायचा हे अभ्यासक्रमात कोठेच लिहिलेले नसेल, तर तो शिकवला जाणार नाही.

दुसरा आक्षेप: एक पर्याय जोडला की काम भागते, मग एवढा ऊहापोह कशाला? खरे आहे. 1989 च्या मानकाचा पर्याय किंवा 'एफ-परमिसिव्ह' दिला की जीसीसी 14 पुन्हा बऱ्याच गोष्टी वॉर्निंगवर सोडून देतो. जुना मोठा प्रोग्राम उद्याच चालवायचा असेल तर मीही तेच सुचवेन. पण मलमपट्टी केल्याची नोंद हवी. कोणता पर्याय, कशासाठी आणि कधीपर्यंत, हे बिल्ड फाइलीत लिहिलेले असेल तर तो निर्णय ठरतो. लिहिलेले नसेल तर पुढच्या बॅचला तो मंत्र म्हणून पाठ करावा लागतो. डॉकरबद्दल किंवा ऑनलाइन कंपायलरबद्दलही हेच. जुना कंपायलर कंटेनरमध्ये जपून ठेवणे हा उत्तम मार्ग आहे, पण कोणता कंपायलर जपायचा हे माहीत असल्याशिवाय कंटेनर बनत नाही. ऑनलाइन कंपायलरला अखंड इंटरनेट लागते, आणि मोखाड्याच्या पाड्यावरून ते गृहीत धरणे अन्यायाचे आहे.

तिसरा आक्षेप असा येईल की तारापूरच्या कारखान्यांत विंडोजच चालते, तिथे लिनक्सच्या कंपायलरची काय गरज? कार्यालयातल्या मशीनवर विंडोज असेलही. पण मीटर आणि सर्व्हर यांच्यामध्ये बसणारी छोटी पेटी अनेकदा लिनक्सवर चालते, आणि मायक्रोकंट्रोलरच्या जगात तर जीसीसी सर्वत्र आहे. अर्दुइनोच्या छोट्या बोर्डांसाठी प्रोग्राम बांधणारा कंपायलर जीसीसीच आहे, मग समोर विंडोज असो वा लिनक्स. पुण्याच्या केपीआयटी कंपनीने एकेकाळी रेनेसासच्या चिपसाठी जीसीसीवर आधारलेली साधने तयार करून जगभरच्या अभियंत्यांना मोफत दिली होती. हे काम महाराष्ट्रातल्या माणसांनी केले आहे, ते परके नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप शेवटी घेतो. पहिल्यांदा संगणकाला हात लावणाऱ्या मुलावर आवृत्त्यांचे ओझे कशाला, आधी त्याला लूप तर समजू दे, असे मनापासून शिकवणारे अध्यापकच म्हणतील. माझे उत्तर असे की हे ओझे त्याच्यावर आजही आहे, फक्त त्याला कोणी नाव दिलेले नाही. ज्याचा मामा किंवा मोठी बहीण पुण्याच्या आयटी कंपनीत आहे, त्याला एका फोनवर कळते की दोष कंपायलरच्या आवृत्तीत आहे. ज्याला विचारायला कोणी नाही, तो समोरची लाल अक्षरे पाहून स्वतःलाच कमी समजतो. पुस्तकातला प्रोग्राम हुबेहूब उतरवला, शेजारच्या मुलीच्या मशीनवर तो चालतो आणि माझ्या मशीनवर नाही, याचे एकच स्पष्टीकरण त्याला सुचते: आपल्याला हे जमणार नाही. पहिल्या पानावर एक ओळ छापल्याने हा गैरसमज टळणार असेल तर ती न छापण्याचे कोणतेही कारण मला सापडत नाही.

हा पायंडा आपल्याकडे आधीच पडलेला आहे. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'चे सी आणि सी प्लस प्लसचे पाठ मराठीतही ऐकता येतात. त्यांच्या सुरुवातीलाच निवेदक सांगतो की हा पाठ उबंटू 11.10 आणि जीसीसी 4.6.1 वर तयार केला आहे. ते आकडे आज जुने आहेत, पण सांगितलेले आहेत, म्हणून आजचा विद्यार्थी फरक ओळखू शकतो. त्याच आयआयटीत प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकाराने जीसीसी रिसोर्स सेंटर उभे राहिले आणि जीसीसीच्या अंतरंगावर कार्यशाळा झाल्या. प्रा. धनंजय ढमढेरे यांच्या सिस्टीम्स प्रोग्रॅमिंगच्या पुस्तकावर कित्येक पिढ्या शिकल्या. कंपायलरचे इतके ज्ञान जवळ असताना आमच्या प्रॅक्टिकलच्या यादीवर कंपायलरचा आकडा नसावा, ही उणीव आपण भरून काढावी.

म्हणून विनंती करतो. प्रत्येक प्रोग्रॅमिंग लॅबच्या प्रयोगयादीत लिनक्सची आवृत्ती, कंपायलरची आवृत्ती, भाषेचे मानक आणि वापरायचे पर्याय छापावेत, आणि सत्र सुरू झाल्यापासून ओरल संपेपर्यंत परीक्षेच्या मशीनवर सुरक्षा अपडेटखेरीज काही बदलू नये. वॉर्निंग दाखवणारा 'वॉल' पर्याय सर्वांना सक्तीचा असावा आणि वॉर्निंग समजावून सांगण्याला टर्मवर्कमध्ये गुण असावेत, कारण आजची वॉर्निंग पुढच्या आवृत्तीत एरर होते हे आपण वर पाहिलेच. अनस्टेबल आवृत्तीसाठी नवे मशीन घ्यायची गरज नाही. बाजूला ठेवलेला एखादा जुना संगणक चालेल, आणि पॅकेजे कॉलेजच्याच नेटवर्कवर साठवून ठेवणारा कॅशे बसवला की इंटरनेटही फार लागत नाही. दर सत्रात दोन विद्यार्थ्यांनी सगळी प्रॅक्टिकल त्यावर बांधून पाहावीत, काय अडले आणि का ते लिहावे, आणि तो अहवाल त्यांचा मिनी प्रकल्प मानावा. कारखान्यात नोकरीला लागल्यावर त्यांना करावे लागणारे काम बरेचसे हेच असेल.

सुरुवात लेक्स आणि याकपासून करावी. पुढच्या सत्राची प्रयोगयादी छापायला जाण्याआधी तिच्यातले सगळे नमुना प्रोग्राम एकदा जीसीसी 15 वर बांधून पाहावेत, आणि जे अडतील त्यांत हवी ती हेडर फाइल, जाहीर करायची ओळ, परतीचा प्रकार भरून मगच ते महाविद्यालयांकडे पाठवावेत.

आपला,
बोईसर परिसरातील एक सॉफ्टवेअर व्यावसायिक